तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा ब्लॉक रिकामा आहे का?

रोलर कोस्टरची एक गाडी वळणं घेत खाली येत असते, दुसरी साखळीवर चढत असते, तिसरीत माणसं बसत असतात. रूळ मात्र एकच. मग या गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत? कारखान्यातल्या यंत्रांचे कंट्रोल पॅनल आणि पीएलसी (सेन्सरकडून माहिती घेऊन यंत्र चालवणारा छोटा संगणक) हे माझं पोटापाण्याचं काम, आणि रोलर कोस्टर ही लहानपणापासूनची आवड. त्यामुळे लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक असोत की कामावर नव्याने आलेली पोरं, हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं: ठरावीक मिनिटांनी एकेक गाडी सोडत असतील.

नाही. घड्याळाच्या भरवशावर गाडी सोडत नाहीत. घड्याळाला एवढंच ठाऊक असतं की आधीची गाडी कधी सुटली. ती पुढे पोचली की वाटेत अडकली, हे त्याला कळायला मार्ग नाही. हा धडा रेल्वेने फार मोठी किंमत देऊन शिकला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ सहलीला निघालेली एक आगगाडी चढावर अडकली. तिचे डबे सोडवून दोन भागांत पुढे न्यायचं ठरलं. मागचे डबे उतारावरून उलटे घरंगळले आणि वेळेचं अंतर ठेवून मागून सोडलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली. मार्गाचे तुकडे पाडायचे, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आपल्याकडे एकेरी मार्गावर स्टेशन मास्तर ड्रायव्हरच्या हाती टोकनचा गोळा देत, ते याच पद्धतीचं रूप. पुढच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय यंत्रातून गोळा निघत नसे आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा मिळत नसे.

रोलर कोस्टरने हीच पद्धत उचलली, पण तिथे एक मोठी अडचण आहे. आगगाडीला इंजिन असतं, ड्रायव्हर असतो, लाल सिग्नल दिसला की तो ब्रेक लावतो. कोस्टरच्या गाडीत बहुतेक ठिकाणी यांतलं काहीच नसतं. साखळीने शिखरावर नेऊन सोडलं की पुढे सगळा कारभार गुरुत्वाकर्षणाचा. पूर्वी गाडीवरच ब्रेक धरून माणूस उभा असे. मेलबर्नच्या लूना पार्कमधल्या १९१२ सालच्या सीनिक रेल्वेवर आणि कोपनहेगनच्या तिवोलीतल्या १९१४ सालच्या लाकडी कोस्टरवर तो आजही असतो. पण आधुनिक कोस्टरचे ब्रेक गाडीवर नसतात, रुळावर असतात. म्हणजे गाडी वाटेल तिथे थांबवता येत नाही. साखळीची चढण, वाटेतले ब्रेक, शेवटचे ब्रेक आणि प्लॅटफॉर्म, एवढ्याच जागी ती थांबू शकते.

राइड चालवणाऱ्याच्या पॅनलवरच्या, तातडीने थांबवायच्या लाल बटणाबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. ते दाबलं म्हणून लूपमध्ये उलटी झालेली गाडी तिथेच थांबत नाही, आणि थांबू नयेच. बटण दाबलं की साखळी थांबते, ब्रेक मिटतात, आणि धावती गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत येऊन उभी राहते. म्हणूनच कोस्टरचा ब्लॉक कागदावर वाटेल तिथे रेघ मारून ठरत नाही. ब्लॉकच्या शेवटी गाडी हमखास थांबवण्याची सोय हवी. ती नसेल तर तो ब्लॉकच नव्हे. त्यातूनच दुसरा नियम निघतो: रुळावर जितके ब्लॉक, त्यापेक्षा निदान एक गाडी कमी. सगळेच ब्लॉक भरले तर कुणालाच पुढे सरकायला जागा उरणार नाही.

१९५९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स सुरू झाली. पोलादी नळ्यांच्या रुळासाठी ती प्रसिद्ध आहे, पण मला तिचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटतं. एकाच रुळावर अनेक गाड्या स्वयंचलित नियंत्रणाने एकमेकींपासून दूर ठेवण्याचं काम तिने करून दाखवलं. त्या काळच्या नियंत्रणाची जागा आज सेफ्टी पीएलसीने घेतली आहे, विचार तोच आहे.

आता आतलं काम. रुळाशेजारी प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवलेले असतात आणि गाडीच्या पोटाशी धातूची पट्टी. पट्टी समोरून गेली की सेन्सर कळवतो, गाडी आली. महत्त्वाच्या जागी एकाच्या जागी दोन सेन्सर असतात आणि पीएलसी दोघांची साक्ष ताडून बघतो. एक ‘आली’ म्हणतो आणि दुसरा गप्प आहे, तर कोण खरं हे ठरवत बसायचं नाही, सगळं थांबवायचं. गाडी एका ब्लॉकमध्ये शिरल्याची नोंद झाली की तो ब्लॉक भरला. पुढच्या ब्लॉकमध्ये ती पूर्ण पोचल्याची नोंद होईपर्यंत तो भरलेलाच. मध्ये अर्धा तास गेला तरी भरलेलाच. घड्याळ इथेही असतं, पण उलट कामासाठी: अपेक्षित वेळेत गाडी पुढच्या सेन्सरपाशी आली नाही तर बिघाड जाहीर करायला.

ब्रेकची रचना तर मला या साऱ्यात सर्वांत देखणी वाटते. मिटलेलं असणं ही त्यांची मूळ अवस्था. अनेक कोस्टरवर स्प्रिंग त्यांना मिटवून ठेवते आणि उघडायला हवेचा दाब लागतो. वीज गेली, नळी फुटली, कॉम्प्रेसर बंद पडला, तर ब्रेक मिटतो. गाडीला पुढे जायला परवानगी लागते, थांबायला लागत नाही. चुंबकी ब्रेकना तर विजेचीही गरज नसते. गाडीची धातूची पाती चुंबकांमधून सरकली की तिच्यात प्रवाह निर्माण होतात आणि ते तिलाच मागे ओढतात. मात्र वेग कमी झाला की ही ओढही कमी होते. त्यामुळे गाडी पुरती थांबवून धरायची असेल तिथे चिमटा घेणारा ब्रेक किंवा तसंच काहीतरी लागतंच.

एवढं सांगितलं की दुसरा प्रश्न हमखास येतो: मग तरी अपघात होतात ते कसे? याचं उत्तर देताना मी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सची ‘द स्मायलर’ सांगतो. २०१३ साली सुरू झालेली, चौदा वेळा माणसाला उलटं करणारी, त्या बाबतीत विक्रमी. २ जून २०१५ रोजी दुपारी तिच्यात बिघाड झाला. इंजिनिअर आले. दरम्यान गर्दीमुळे रुळावर पाचवी गाडी आणली गेली होती, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी वाऱ्यात पुढची चढण पार करू शकली नाही आणि रुळाच्या खोलगट भागात अडकून बसली. रिकामी गाडी हलकी, समोरचा वारा तिला लवकर थोपवतो. ताशी सुमारे ५५ किलोमीटरहून जास्त वाऱ्यात गाड्या चालवू नयेत असं उत्पादकाच्या सूचनांत होतं. त्या दिवशीच्या झोतांचा अंदाज ७० च्या वरचा होता.

मागून सोळा माणसांची गाडी निघाली आणि चढणीवर थांबली. पीएलसीने थांबवली. पुढचा ब्लॉक भरलेला होता, त्यातली गाडी बाहेर आल्याची नोंद नव्हती, म्हणून नियंत्रण ‘नाही’ म्हणत होतं. ते बरोबर होतं. इंजिनिअरांना मात्र वाटलं की सगळ्या गाड्या जागच्या जागी आहेत, म्हणजे ही सूचनाच खोटी. त्यांनी ब्लॉकचा अटकाव हाताने बाजूला सारला आणि गाडी सोडली. ती अडकलेल्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला, आणखी काही जण गंभीर जखमी झाले. गाडी जमिनीपासून सुमारे सहा मीटरवर तिरकी अडकली होती, माणसांना उतरवायला चार तासांहून जास्त लागले.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने तपास केला. रूळ, गाड्या, गाड्यांना एकमेकींपासून दूर ठेवणारी नियंत्रण प्रणाली, यांत त्यांना दोष सापडला नाही. दोष होता कामाच्या व्यवस्थेत. राइड चालू असताना बिघाडावर काम कसं करायचं, कुणी काय तपासायचं, अटकाव कुणाच्या संमतीने काढायचा, याची धड रीतच घालून दिलेली नव्हती. राइड लवकर सुरू व्हावी याचं दडपणही होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयाने ऑल्टन टॉवर्स चालवणाऱ्या, मर्लिन समूहातल्या कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. कंपनीने गुन्हा कबूल केला होता. दंड कंपनीला झाला, त्या दुपारी बटण दाबणाऱ्यांना नाही, हे मला योग्य वाटतं.

कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून अंगावर काटा येईल, कारण तिथली भाषा ओळखीची आहे. ‘सेन्सर खोटं बोलतोय.’ ‘बायपास कर, लाइन उभी आहे.’ सेन्सर खरोखरच कधी कधी खोटं बोलतात, यातच धोका आहे. दहा वेळा खोटी निघालेली सूचना अकराव्यांदा खरी असते, आणि पॅनलवर दोन्ही सारख्याच दिसतात.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलचं. तिथेही पुढची गाडी फार जवळ आली तर इशारा देऊन थांबवणारी यंत्रणा आहे. ५ जुलै २००९ च्या मध्यरात्रीनंतर एक मोनोरेल मागे घेऊन दुसऱ्या मार्गावर वळवायची होती. मार्ग बदलणारा बीम, म्हणजे मोनोरेल जिच्यावरून धावते ती तुळई, हललाच नव्हता. गाडी आली त्याच मार्गाने उलटी गेली आणि स्थानकात उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. उभ्या गाडीचा २१ वर्षांचा चालक गेला. उलटं जाताना ती रक्षक यंत्रणा बाजूला ठेवूनच चालवावं लागे. म्हणजे तिची सर्वांत जास्त गरज होती तेव्हाच ती कामाला नव्हती.

तेव्हा कुणी मला विचारलं की राइड मध्येच थांबली तर घाबरायचं का, तर मी नाही म्हणतो. खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रो या रोलर कोस्टरच्या रांगेत असा किंवा परदेशात कुठे, ब्रेकवर उभी असलेली गाडी सुरक्षित असते. त्या वेळी पॅनलवरच्या पोराला ‘अरे, सोड ना’ म्हणून ओरडणारी माणसं मला बघवत नाहीत. त्याच्यावरचं दडपण वाढवायला आपण तिकीट काढलेलं नसतं.

मग माणसाला यातून काढूनच का टाकत नाहीत, असंही विचारतात. नाही काढता येत. खोलगटात अडकलेली गाडी स्वतःहून निघत नाही. तिला ओढून काढावं लागतं, आणि ती निघाल्यावर ब्लॉक रिकामा झाल्याचं यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगण्याआधी काय करायचं, एवढंच आपल्या हातात आहे. एकाने रुळाच्या कडेने चालत जाऊन डोळ्यांनी बघायचं. प्लॅटफॉर्मवर किती, ब्रेकवर किती, शेडमध्ये किती गाड्या आहेत ते मोजायचं. दुसऱ्याने, पहिल्याचा आकडा न विचारता, पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे जुळले, आणि आज रुळावर किती गाड्या आणल्या याच्या लेखी नोंदीशीही जुळले, तरच किल्ली फिरवायची. याला वेळ लागतो, आणि तोवर रांग हलत नाही.