भांडुपचा ‘पांढऱ्या गालाचा’ पक्षी: टिबुकलीच!

मुंबईतल्या भांडुप पंपिंग स्टेशनच्या तळ्यावरचा एक पक्षी आधीच्या फोटोंत पांढऱ्या गालाचा दिसत होता, म्हणून तो काळ्या मानेची टिबुकली असेल का, असा प्रश्न होता. त्याचा निकाल लागला. हिवाळी पिसाऱ्यातली साधी टिबुकली, म्हणजे पाण्यात बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी. काळ्या मानेच्या टिबुकलीची आशा सोडा. पण हा घोळ दर हिवाळ्यात होतो, म्हणून निकाल कशावरून लागला ते नीट मांडतो.

मूळ अडचण ओल्या पिसांची आणि उन्हाची. बुडी मारण्याआधी टिबुकली पिसं अंगाशी दाबून त्यातली हवा काढून टाकते. त्यामुळे वर आल्यावरही थोडा वेळ डोकं चपटं आणि मान बारीक दिसते. कपाळाचा चढ ही तर मोठी खूण: काळ्या मानेच्या टिबुकलीचं कपाळ एकदम उभं चढतं. पण ओल्या डोक्यावर ती खूण वाचताच येत नाही. त्यात सकाळचं तिरपं ऊन गालावर पडलं की बदामी रंग पांढराफटक होतो आणि कॅमेरा उरलासुरला रंगही उडवतो. आधीच्या सगळ्या फोटोंत गाल पांढरा आला तो यामुळेच.

या वेळी हवा ढगाळ होती. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, म्हणजे फोटो थोडा गडद येईल असं ठेवलं आणि पक्षी पिसं साफ करून कोरडा होईपर्यंत शटर दाबलंच नाही. मग सगळं स्वच्छ दिसलं: चोच आखूड, सरळ, मुळाशी फिकट ठिपका, माथ्याचा तपकिरी रंग गालाच्या बदामीत पुसट मिसळलेला, मानही बदामी. काळ्या मानेची असती तर काळी टोपी डोळ्याखाली गालावर उतरली असती, कानामागे पांढरा बाक दिसला असता, चोचीचं टोक किंचित वर वळलेलं असतं आणि प्रौढ पक्ष्याचा डोळा लालभडक.

पंखातला पांढरा पट्टा पुरावा म्हणून देऊ नका. आपल्याकडच्या साध्या टिबुकलीच्या कॅपेन्सिस उपजातीच्या दुय्यम पिसांतही (पंखाच्या मागच्या कडेची, अंगाजवळची पिसं) पांढरा भरपूर असतो. बुडाचा पिंजलेल्या कापसासारखा गोंडा दोघींनाही असतो, तोही बाद.

बुड्या मोजणाऱ्यांसाठी, पक्षी एका बुडीत किती वेळ पाण्याखाली राहतो ते: बहुतेक 10 ते 25 सेकंद. एका वेळी एकच पक्षी धरा, एकाने पाहायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोन पक्षी जवळ असले की एक बुडते, दुसरी वर येते आणि आकडे बिघडतात. जलपर्णीच्या कडेची नोंद सरळ खोडून टाका. तिथे ती नुसतं डोकं वर काढून श्वास घेते, पुन्हा खाली जाते, आणि आपल्याला बुडी मिनिटभराची वाटते.

या कामाला 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीणच हवी. स्कोपचं (एका डोळ्याने पाहायच्या मोठ्या दुर्बिणीचं) दृश्यक्षेत्र अरुंद. पक्षी पुन्हा सापडेपर्यंत तो परत बुडालेला असतो. स्वस्तातली झूम दुर्बीण तर घेऊच नका, वाढवलेल्या झूमला चित्र काळवंडतं.

पुढचा बेत पवई तलावावर बुड्या मोजण्याचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी आवाज नोंदवू. टिबुकलीची थरथरती, लांब ‘किर्रर्र’ आणि काळ्या मानेची बारीक, वर चढत जाणारी शीळ यांत गल्लत होणं अवघड. फोनचा रेकॉर्डर पुरतो, फक्त वाऱ्याकडे पाठ करून धरा.

म्हणजे आधी आवाज, मग बुड्या, आणि पावसाळ्यात घरटी पाहायची. पाणवनस्पतींना अडकवलेला ओल्या शेवाळाचा ढीग रिकामा दिसला तरी ‘सोडून दिलेलं घरटं’ अशी नोंद करू नका: उठताना टिबुकली अंडी ओल्या पाल्याने झाकून जाते. काठावरूनच पाहा, ढीग उकरू नका. पवईत मगरी आहेत हेही ध्यानात असू द्या. कुठल्या जोडीचे गाल आणि मान विटकरी व्हायला लागले, चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका उजळला, की जागा आणि तारीख लगेच कळवा.