कोठीची किल्ली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लातुरात आमच्याकडं कुणीही आलं की चहाची बशी खाली ठेवायच्या आत विचारतं, "स्टॅक ओव्हरफ्लोवर एवढी उत्तरं लिहिता, पॉइंट मिळवता, पैसे किती सुटतात?"

एक रुपयाही नाही.

प्रोग्रॅमिंगच्या अडचणी सोडवणारी ही साइट २००८ सालची. नवा माणूस १ पॉइंटावर सुरू होतो. उत्तराला कुणी मत दिलं की १०, विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं की आणखी १५. माझं पहिलं उत्तर देवनागरीवर होतं. एकाच्या डेटाबेसात 'किशोर' भरलं की नुसती पाच प्रश्नचिन्हं उमटत. मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते, म्हणून पाच. रकाना लॅटिन लिपीचा होता, तो सगळ्या लिप्या मावणाऱ्या युनिकोडचा करायला सांगितलं. (भरलेली नावं मात्र गेली ती गेलीच.) एक मत पडलं, मी ११ वर. दुसऱ्याचं एक उत्तर आवडलं, पण मत द्यायला १५ लागतात! थांबलो.

पुढं ५० झाले की कुणाच्याही लिखाणाखाली शेरा लिहिता येतो. १२५ ला उलटं मत देता येतं. वाईट उत्तराला तसं मत दिलं की ते लिहिणाऱ्याचे २ जातात आणि देणाऱ्याचाही १. २००० ला दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं, ३००० ला प्रश्न बंद करायला मत देता येतं. म्हणजे मिळतं काय, तर जास्तीचं काम.

आमच्या गावच्या सप्ताहात असंच आहे. नव्या पोराच्या हातात आधी पाण्याचा जग, मग मीठ. वरणाची बादली दोन-तीन वर्षांनी. तोवर कुणाच्या धोतरावर सांडत नाही एवढी खात्री पटलेली असते. बुंदीच्या कोठीची किल्ली ज्याच्याकडं, तो सगळ्यांत शेवटी जेवतो, तेही उरलं तर. त्याला पगार विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

अण्णांनी पंचवीस वर्षं ती किल्ली सांभाळली. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा बाकी कशाचं नवल वाटलं नाही. उलट्या मताचं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"नावं ठेवली की आपलाबी एक जातो?"

"जातो."

"मग हे आपल्या पंगतीत कधी लावायलेत?"