तुम्ही विचारलंत म्हणून: टायसनच्या वर होम्स कसा?

संध्याकाळी पोरांच्या हाताला पट्ट्या बांधत बसलो की हा प्रश्न हमखास येतो. पालक विचारतात, एके काळी स्वतः खेळलेले विचारतात, लग्नात शेजारच्या पाटावर बसलेले पाहुणेसुद्धा विचारतात. "सर, तुमच्या थोर हेवीवेटच्या, म्हणजे बॉक्सिंगमधल्या सर्वात वजनदार गटाच्या यादीत अली पहिला, जो लुई दुसरा, इथवर पटतं. पण तिसरा लॅरी होम्स? टायसनच्या वर? अहो, टायसननं त्याला चौथ्या फेरीत झोपवला होता!"

झोपवला होता, खरं आहे. २२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी. त्या दिवशी टायसन २१ वर्षांचा होता आणि होम्स ३८ वर्षांचा. एप्रिल १९८६ नंतर होम्सनं एकही लढत खेळली नव्हती. आमच्या रिंगमधला पोरगा परीक्षेसाठी दोन महिने सुट्टी घेऊन आला तरी पहिले आठ दिवस त्याला अंतराचा अंदाज येत नाही. हाताच्या टप्प्यात काय आहे आणि काय नाही, हे डोळ्यांनाच कळेनासं होतं. होम्स तर पावणेदोन वर्षांनी उतरला होता, तोही समोर तेव्हाचा टायसन.

त्या रात्रीवरून दोघांत मोठा कोण ते ठरवायचं असेल, तर तोच नियम सगळ्यांना लावा. ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोनं जो लुईला आठव्या फेरीत रिंगच्या दोऱ्यांबाहेर फेकलं. लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता. २००२ मध्ये मेम्फिसला लेनॉक्स लुईसनं टायसनला आठव्याच फेरीत संपवलं, तेव्हा टायसनचेही चांगले दिवस सरले होते. हेवीवेटमध्ये बहुतेक मोठ्या नावांच्या खात्यात आधीच्या पिढीतला एक थकलेला राजा असतो. मी हे विजय मोजत नाही. एकाचेही नाही.

मग होम्सचा सर्वात गाजलेला विजयही मला खोडावा लागतो, आणि तो मी खोडतो. २ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास, होम्स विरुद्ध मोहम्मद अली. होम्स एके काळी अलीचा सरावातला जोडीदार होता. अलीच्याच कॅम्पमध्ये मार खात तो शिकला. त्या रात्री ३८ वर्षांच्या अलीच्या हातात काहीच उरलं नव्हतं. होम्स मारत होता आणि मध्येच रेफ्रीकडे बघत होता, थांबवा की आता म्हणून. दहाव्या फेरीनंतर अलीच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली. जिंकलेला माणूस नंतर रडला. ही लढत मी एकदाच पूर्ण पाहिली आहे. पोरांना कधी दाखवली नाही आणि दाखवणारही नाही.

मी दाखवतो ती ९ जून १९७८ ची लढत. समोर केन नॉर्टन, म्हणजे १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडणारा नॉर्टन. होम्सचा डावा दंड लढतीच्या काही दिवस आधी दुखावलेला, आणि होम्सचं सगळं भांडवल तो डावा हातच. त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पोरांना मी चित्र थांबवून थांबवून दाखवतो. डावा पाय वीतभर पुढे, हनुवटी खांद्याआड, मूठ शेवटच्या क्षणी आत वळते आणि ज्या रेषेत गेली त्याच रेषेत परत येते. पोरांचा हात परत येताना खाली पडतो, तिथंच सगळा घोटाळा होतो. होम्सचा पडत नाही. दुखऱ्या दंडानंसुद्धा नाही.

पहिल्या निम्म्या लढतीत होम्स पुढे. मग नॉर्टननं अंगावर येत येत ती बरोबरीत आणली. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही जजांच्या कागदावर दोघे समसमान होते. पंधराव्या फेरीत दोघांनीही बचाव सोडला. पाय जड झालेले, तोंडं उघडी, ठोसा चुकला की मारणारा स्वतःच भेलकांडतोय. नॉर्टन वरचढ होतोय असं वाटत असतानाच होम्स उलटला आणि शेवटच्या घंटेपर्यंत नॉर्टनला हलवून सोडलं. निकाल लागला दोन विरुद्ध एक, आणि तिन्ही कागदांवर फरक फक्त एका गुणाचा. रिंगमधल्या माराने कोरियाचा बॉक्सर डुक कू किम गेला, त्यानंतर, १९८२ पासून, बॉक्सिंगच्या एकेका संघटनेनं विजेतेपदाच्या लढती पंधराच्या बारा फेऱ्यांवर आणल्या. खेळाडूंच्या जिवासाठी ते योग्यच झालं, प्रशिक्षक म्हणून मला त्यात शंका नाही. पण होम्स कोण होता हे बघायचं तर ती पंधरावी फेरीच बघावी लागते.

पुढच्या वर्षी अर्नी शेव्हर्स. याच्याइतका जोराचा ठोसा हेवीवेटमध्ये फार थोड्यांना लाभला. सातव्या फेरीत त्याचा उजवा हात होम्सच्या जबड्यावर बसला आणि होम्स असा पाठीवर आपटला की लढत संपली असंच वाटावं. तो उठला. ती फेरी त्यानं कशीबशी काढली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सला थांबवलं. १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनंही त्याला सातव्याच फेरीत पाडलं आणि त्यालाही होम्सनं अकराव्याच फेरीत थांबवलं. नॉर्टनला हरवून मिळवलेलं विजेतेपद होम्सनं सलग २० वेळा राखलं. हेवीवेटमध्ये सलग राखण्यात त्याच्या पुढे एकटा जो लुई आहे, २५ वेळा.

आता तुमच्या बाजूचं बोलतो, कारण तेही खरं आहे. दुसऱ्या संघटनांचे पट्टे, म्हणजे त्यांची विजेतेपदं, मिळवून सगळी सत्ता एका हाती आणण्याचं काम होम्सनं केलं नाही, ते टायसननं केलं. १९८३ मध्ये टिम विदरस्पूनशी होम्स थोडक्यात वाचला. आणि १९८५ मध्ये, ४८ विजय आणि एकही हार नाही अशा स्थितीत, मार्सियानोच्या एकही न हरता मिळवलेल्या ४९ विजयांना एकच लढत कमी असताना, वजनानं खालच्या गटातून आलेल्या मायकल स्पिंक्सनं त्याला गुणांवर हरवलं. त्या रात्री मार्सियानोबद्दल तो नको ते बोलून गेला. नंतर माफी मागितली, पण लोकांच्या मनातून उतरला तो उतरलाच. मला वाटतं आजही त्याला त्याची किंमत मोजावी लागते आहे. त्यात तो अलीनंतर लगेच आला. अलीनंतर लगेच येणाऱ्याचं कौतुक कोण करणार होतं?

त्याच स्पिंक्सला टायसननं १९८८ मध्ये ९१ सेकंदांत उडवलं. हा तुमचा सर्वात भक्कम मुद्दा आहे आणि मला तो वर्षानुवर्षं छळतो. १९८६ ते १९८८ मधला टायसन, डोकं हलवत आत शिरणारा, बरगडीवर एक आणि लगेच हनुवटीवर दुसरा मारणारा, त्याच्याइतका भीतिदायक हेवीवेट मी पाहिलेला नाही. नुसत्या त्या दोन-अडीच वर्षांवर यादी करायची असती तर तो वर असता.

पण १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला पाडलं, १९९६ मध्ये इव्हँडर होलीफिल्डनं पाडलं, २००२ मध्ये लुईसनं. पडून उठून जिंकलेली एकही लढत टायसनच्या खात्यात नाही. फेऱ्या हातातून निसटत असताना दुसरा काही मार्ग शोधून लढत फिरवली, असंही मोठ्या लढतीत कधी झालं नाही. लेनॉक्स लुईसचं वेगळं. कारकिर्दीत दोन जणांकडून हरला आणि त्या दोघांनाही पुन्हा गाठून हरवलं. म्हणून काही दिवस तो माझ्या यादीत होम्सच्या शेजारी येऊन बसतो, आणि त्याबद्दल कोणी भांडलं तर मी ऐकून घेतो.

राहिली अटलांटिक सिटीची रात्र. संपूर्ण कारकिर्दीत, ७५ लढतींत, होम्सला वेळेआधी थांबवलं गेलं ते त्या एकाच रात्री. चौथ्या फेरीत टायसननं त्याला तीनदा पाडलं. तुम्ही यूट्यूबवर बघता ते तिसरं पडणं. त्याच्या आधीची दोन मिनिटं बघा. दोनदा तो उठला आहे, आणि उठून डावा हात पुन्हा वर घेतला आहे.