आमची वाटचाल : कांद्याचं बियाणं आणि गावच्या मधमाश्या

जालना जिल्ह्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ. त्यांत आमची फर्म लहान. भोकरदन-जाफराबादकडच्या शेतकऱ्यांकडून कांदा बियाणं करून घ्यायचं, हाच मुख्य धंदा. सुरुवातीची वर्षं मातृकंद (बियाण्यासाठी लावायचे कांदे), खत, पाणी यांतच गेली. मधमाश्यांकडे वळवलं ते संकरित बियाण्यानं.

संकरित प्लॉटमध्ये बियाणं धरणाऱ्या मादी ओळीला पराग नसतो; तो नर ओळीतून माशीनंच आणायचा. परागासाठी फिरणारी माशी नर ओळीतच रमते; मादी गोंड्यावर (कांद्याच्या फुलांच्या गुच्छावर) येते ती मकरंदाच्या ओढीनं. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, म्हणून माशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी कोथिंबीर किंवा बडीशेप फुलली की ती सरळ तिकडे जाते. बांधावर कोथिंबीर जरूर पेरा, पण तिचा फुलोरा गोंडे उमलण्याआधी सरेल असा बेत ठेवा, असं आम्ही आवर्जून सांगतो.

आग्या माशी दिवस उजाडताच कामाला लागते आणि या गोंड्यावरून त्या गोंड्यावर झपाट्यानं जाते. फुलोरी ही दुसरी रानमाशी मात्र ऊन तापल्यावर येते. जवळ बसून पाहा : ती एकाच गोंड्यावर फुलाफुलावरून चालत राहते, पोट परागानं पिवळं होतं. आकारानं लहान, पण आमच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भर दुपारी राबणारी, म्हणून माझा तिच्यावर फार जीव. तिचं तळहाताएवढं एकच पोळं बोरी-बाभळीच्या फांदीला असतं. बांध साफ करताना तेवढी झुडपं राखा, ही आमच्या करारातली अट आहे. फवारणी करावीच लागली तर दिवस मावळल्यावर. जिथे झाडोराच उरला नाही, तिथे मेलिफेरा या पाळीव विलायती मधमाशीच्या पेट्या आम्ही अजूनही भाड्यानं आणतो.

याच माश्यांमुळे प्रमाणित कांदा बियाण्याला दुसऱ्या जातीपासून ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं. आता आम्ही तुरीच्या बियाण्यातही उतरतोय. तुरीचं फूल मिटलेलं. ते दाबून उघडतात पानं कापणाऱ्या माश्या आणि काळे भुंगे. त्यांच्या येण्याजाण्यानं एका वाणाचा पराग दुसऱ्यावर जातो, म्हणून तुरीचे प्लॉट ठरवताना आम्ही आधी शेजारच्या शेतात कोणता वाण आहे ते विचारतो. त्यासाठी पेरणीपूर्वीच शिवारफेरी सुरू केली आहे.