लहान टाकीसाठी ड्वार्फ सिक्लिड निवडताना

सुमारे ६० लिटरच्या मिश्र टाकीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र असलेल्या टाकीसाठी, ड्वार्फ सिक्लिड (सिक्लिड कुळातला लहान मासा) निवडताना बहुतेकांची नजर आधी निळ्या झळाळीच्या रॅम माशावर जाते, आणि माझीही तशीच गेली होती. परंतु त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअस इतके उबदार पाणी लागते, तर टाकीतल्या निऑन टेट्रा या छोट्या माशांना त्याहून थंड पाणी मानवते, हे मला दोन रॅम गमावल्यावर उमगले. बोलिव्हियन रॅम रंगाने फिका असला तरी अधिक काटक आहे.

माझी पसंती मात्र कॉकाटू ॲपिस्टोग्रामाला आहे. नर सुमारे ८ सेंटिमीटर वाढतो, मादी ५ सेंटिमीटरच्या आसपास. ही एवढीशी मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवून, पिवळीधमक होऊन पहारा देऊ लागली की मोठ्या माशांनाही हुसकावून लावते, आणि तळाशी वावरणाऱ्या कोरिडोरासचे तर हालच होतात, कारण धोका ओळखून मागे सरणे त्या बिचाऱ्यांना जमत नाही. म्हणून एवढ्या टाकीत एकच जोडी ठेवावी. दोन नर कदापि नकोत. तळाला बारीक वाळू घालावी, कारण हे मासे ती तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे गाळतात. सोबतीला पेन्सिलफिशसारखे वरच्या थरात राहणारे मासे उत्तम.