मूठ, एमसील आणि अर्धा लिटर पाणी

मे महिन्यात माझं स्वतःचं एअर पिस्तूल घरी आलं. ४.५ मिमीचं, दहा मीटरसाठीचं. दोन वर्षं रेंजवरच्या सगळ्यांच्या पिस्तुलावर शिकले, त्यामुळे पेटी उघडताना फार भरून आलं होतं. पण आठवडाभरात ६० शॉट्सचा स्कोअर ५४१ वरून ५२८ वर आला. कुणी म्हणालं साईट (नेम धरायची खूण) बदल, कुणी म्हणालं परदेशी पेलेट (छर्रे) आण.

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर सरांनी वेगळंच करायला लावलं. पिस्तूल उचल, डोळे मीट, हात स्थिर होऊ दे, आता उघड. दहापैकी आठ वेळा पुढची साईट मागच्या खाचेत डावीकडे. "हात बरोबर आहे गं, पिस्तुलाची मूठ तुझी नाहीये," एवढंच बोलले.

खरंच, माझा पंजा लहान. तळव्याच्या खोलगट भागात आणि लाकडात करंगळी जाईल एवढी पोकळी राहत होती. बोहरी आळीतून एमसील आणि ८० व २२० नंबरचे पॉलिशपेपर आणले. सगळं मिळून दोनशेच्या आत. मूठ आधी पिस्तुलावरून काढून घेतली, कारण लाकडाचा भुगा ट्रिगरमध्ये गेला तर खर्च वेगळाच. जागा खरवडली, वाटाण्याएवढं एमसील लावलं, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून दहा मिनिटं नेहमीसारखी पकड धरली. रात्रभर सुकवायचं, सकाळी घासायचं, मूठ बसवून पुन्हा डोळे मिटून बघायचं. असे चार दिवस गेले. एकदम जाड थर देऊ नका, मी दुसऱ्या दिवशी दिला आणि अर्धा तास कानशीने काढत बसले. स्पर्धेचा नियमही लक्षात ठेवा: अंगठ्याचा आणि तळव्याचा आधार वर वळवून हात अडकवता येत नाही, मनगटाला टेकू तर मुळीच नाही.

स्पर्धेत ट्रिगरचं वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम लागतं. त्यासाठी मी अर्ध्या लिटरची बाटली घेतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर हुकासकट बरोबर ५०० ग्रॅम होईपर्यंत पाणी भरलं. पेलेट न भरता, नळी सरळ वर धरून बाटली ट्रिगरला लटकवली आणि उचलली. ट्रिगर सुटला, म्हणजे वजन कमी पडत होतं. स्पर्धेत हे कळलं असतं तर? स्क्रू जरासा फिरवला, मग तीनदा टिकला.

सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) म्हणून गवत कापायच्या मशीनची केशरी दोरी नळीतून आरपार जाईल एवढी कापली. साईटला हात लावला नाही.

काल पहिल्यांदा दहापैकी नऊ वेळा साईट मधोमध होती. करंगळीपाशी अजून टोचतं, तिथला थर रविवारी घासणार आहे.