गोळे भरता आले, पान भरता येईना

दहावीत गणितात गेली मी, २००१ साली. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत तर वर्गात दुसरी, पण बोर्डाच्या कागदावर नापास म्हणजे नापासच. मग पुढच्या मार्चला परत बसू बसू म्हणता म्हणता लग्न झालं, दोन पोरं झाली, सासूबाई अंथरुणाला लागल्या, अन् एक दिवस पाहते तर पोरगीच दहावीत. तिचा शाळेचा एक फॉर्म भरून राहिलो होतो तर त्यात 'आईचे शिक्षण' असा रकाना. तिनं पेन थांबवला, माझ्याकडे पाहिलं. म्हटलं लिही, नववी पास. तिनं लिहिलं, काही बोलली नाही, पण अक्षर बारीक काढलं.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. मी बचत गटाची सीआरपी आहे, म्हणजे गावातल्या गटांचे हिशेब, मीटिंगा, बँकेचे फॉर्म, सगळं माझ्याकडे. बँकेतले साहेब मले 'मॅडम' म्हणतात आणि मी आतून चोरासारखी होते, हे कोनाले सांगणार.

नणंदेची पोरगी नागपूरला शिकते, तिनंच काढलं हे. "मामी, तू बारावी कायले करतं, डायरेक्ट बीएले बस ना." मले वाटलं चेष्टा करून राहिली. पण खरंच आहे तसं. इग्नूचा बीपीपी नावाचा कोर्स आहे, बॅचलर प्रिपरेटरी प्रोग्राम. इग्नू म्हणजे दिल्लीचं मुक्त विद्यापीठ, १९८५ पासूनचं. ज्यायची बारावी झाली नाही त्यायच्यासाठीच हा कोर्स. वय १८ पूर्ण पाहिजे, वयाचा पुरावा पाहिजे, शाळा कुठवर झाली ते आडवं येत नाही, सहा महिन्यांचा अभ्यास, आणि पास झालं की त्यायच्याच बीए-बीकॉमले ॲडमिशन. विषय तीन, सामाजिक शास्त्र, वाणिज्य आणि गणित. तीनातले दोन घ्यायचे.

हे ऐकून मी तिले फोनवर तीनदा विचारलं, गणित सोडता येते? नक्की? लेखी आहे का कुठं? ती हसून हसून बेजार.

मराठीतून करायचं असेल त्यायच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, 'ज्ञानगंगा घरोघरी' वालं. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी त्यायचीच पूर्वतयारी करून बीए केलं होतं, मागे. मी इग्नू घेतलं कारण भाची फॉर्म भरून देणार होती आणि तिले तेच माहीत होतं, दुसरं काही कारण नाही. पुस्तकं हिंदीत घेतली. आपल्याकडे हिंदीचं काय, टीव्हीवर बोलते तेवढी समजते, असं वाटलं होतं. पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीले वाचलं की अमुक विषय सोप्या भाषेत सांगण्याची 'चेष्टा' केली आहे. मी दोन मिनिटं तशीच बसली, म्हटलं सरकारी पुस्तकात कोणी असं कबूल करते का. मग समजलं की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

वाणिज्यचं पुस्तक मात्र मले माहेरासारखं वाटलं. जमा-नावे, कॅशबुक, शिल्लक. हे तर मी दर महिन्याले गटाच्या रजिस्टरात करते, व्याज काढते, हप्ता मुद्दलात किती अन् व्याजात किती ते तोंडी सांगते. म्हणजे गणितात गेलेली बाई पंधरा वर्षांपासून गणितच करून राहिली होती, फक्त त्याले गणित म्हणत नव्हती. १९३७ ले आमच्याच वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली होती, हातच्या कामातून शिक्षण द्या म्हणून, नई तालीम ती. वर्ध्याले जाता-येता सेवाग्रामची पाटी कितीकदा पाहिली असेल, पण ते मले समजलं कॅशबुकच्या पानावर.

आता परीक्षेचं सांगते. इग्नूची परीक्षा जून नाहीतर डिसेंबर. जो कोणी शेतात गेला आहे त्याले पुढचं सांगायची गरज नाही. जून म्हणजे पेरणी, पाऊस कधी पडते म्हणून आभाळाकडे डोळे, सरकी टोबायले बाया मिळत नाहीत. डिसेंबर म्हणजे कापसाचा वेचा, तेव्हाही बाया मिळत नाहीत, कारण त्या बाया म्हणजे आपणच. मी डिसेंबर घेतला. नवरा म्हणे, दोन दिवस वेचा बंद राहिला तर काय आभाळ कोसळते काय, जाय तू. तसा तो जास्त बोलत नाही, पण त्या दिवशी जाम गावच्या चौरस्त्यापर्यंत गाडीवर सोडून दिलं.

पेपर सगळा गोळ्यांचा. पन्नास प्रश्न, चार-चार पर्याय, बरोबर वाटते तो गोळा काळा करायचा. भाचीनं सांगून ठेवलं होतं, "टिकली लावतं तसा भरजो, बाहेर नको जाऊ देऊ." गटाच्या जुन्या पावत्यांच्या मागे मी रात्री गोळे काढून भरायची प्रॅक्टिस केली. हॉलमध्ये पाहिलं तर माझ्या बाजूले एक ट्रक ड्रायव्हर दादा, पुढे एक कोतवाल, एक नर्सिंगच्या कपड्यातली पोरगी, आणि आम्ही सगळे खाली मान घालून एनरोलमेंट नंबरचेच गोळे पहिले दहा मिनिटं भरून राहिलो होतो. त्या दादाची बोटं गोळ्यापेक्षा मोठी होती. वेच्यानं माझ्याही बोटांची टोकं फाटली होती, बोंडाची नखं लागून लागून, तर पेन धरला की आग व्हायची. पास झाली. दोन्हीत.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही म्हणून इथं सांगतेच. बीपीपी म्हणजे बारावी नाही. इग्नूच्या पदवीले जायचा तो रस्ता आहे फक्त. आमच्या शेजारची एकजण माझं पाहून फॉर्म भरायले निघाली होती, तिले अंगणवाडीत लागायचं होतं. आता अंगणवाडीच्या भरतीले बारावी पास मागतात, तिथं बीपीपीचा कागद दाखवून उपयोग नाही. तिले म्हटलं बाई तू १७ नंबरचा फॉर्म भर, तुझी दहावी झालेली आहे, बाहेरून बारावी दे. नाहीतर एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेची, बारावी कर. हळूहळू होईल पण कागद पक्का राहील. ती नाराज झाली माझ्यावर, तिले वाटलं मी एकटीच पुढं जाऊन राहिली. नंतर बोलली. पण खरंच, कोर्स घ्यायच्या आधी स्वतःले विचारा की मले शिकायचं आहे का एखादी विशिष्ट नोकरी पाहिजे, कारण दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत, आणि सायबर कॅफेवाला हे सांगत नाही, तो फॉर्म भरून पैसे घेतो.

खरी फजिती पुढं झाली. बीएची पहिली असाइनमेंट. इग्नूत तीस टक्के मार्क असाइनमेंटचे अन् सत्तर पेपरचे, आणि असाइनमेंट हातानं लिहून द्यायची. प्रश्न वाचला, खाली लिहिलेलं, उत्तर ५०० शब्दांत. मी लिहिलं. वाटलं छान लिहिलं. सहा ओळी झाल्या. मोजले तर ६३ शब्द.

रविवारच्या क्लासले सरांनी ते पाहिलं. वयानं माझ्यापेक्षा लहानच असतील. म्हणे, "ताई, हे उत्तर नाही झालं, ही पावती झाली."

राग आला होता तेव्हा. पण बसमध्ये विचार केला तर माणूस बरोबर बोलला होता. पंधरा वर्षं मी लिहिलं काय तर ठराव. 'अमुक सदस्यास रुपये दहा हजार कर्ज मंजूर. सूचक. अनुमोदक. सर्वानुमते.' ती बाई कर्ज कायले मागत होती, दुसऱ्या दोघींनी आधी नाही काऊन म्हटलं, मग कशा तयार झाल्या, हे सगळं त्या मीटिंगीत अर्धा तास चालते, पण रजिस्टरात एक ओळ. आणि तयारीच्या कोर्सात मी शिकली गोळे भरणं. त्यात मले चारातलं एक ओळखता आलं पाहिजे एवढंच होतं, आणि ते आलं. पण बीए विचारते, स्पष्ट करा, कारणे द्या, चर्चा करा. चर्चा तर मी रोज करते हो, पण तोंडानं!

मोठ्या माणसाले विद्यापीठासाठी तयार करायचं असेल तर माझ्या मते धडे कमी करा, बापा, अन् पानं लिहून घ्या. आठवड्याले एक पान. चुकू द्या. वीस वर्षांनंतर पेन धरलेल्या माणसाचा हात दुसऱ्याच पानावर दुखते, खांद्यापर्यंत दुखते, ती तयारी कोणत्याच पुस्तकात नाही. मी मग काय केलं, गटाच्या रजिस्टरात ठराव तसाच ठेवला, पण घरी येऊन एका शंभर पानी वहीत पूर्ण मीटिंग लिहून काढायची. कोण काय म्हणालं, कोण उठून गेली. महिनाभरात एका मीटिंगीची तीन पानं होऊ लागली. पुढच्या असाइनमेंटले ५०० शब्दांच्या जागी ७०० झाले, तर सर म्हणे आता आवरा.

ती वही मात्र कोनाले दाखवता येत नाही, गावात भांडणं लागतील.

बीए तीन वर्षांचं, पण सहा वर्षांपर्यंत करता येते, म्हणून मी घाई करत नाही, जूनचे पेपर सरळ सोडते आणि डिसेंबरले बसते. आणि आता गटातल्या तिघी रविवारी संध्याकाळी माझ्या ओट्यावर येतात. त्यायले मी गोळ्यांचं अजून काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, औंदा कापूस विकला त्याचं लिहा, हिंगणघाटच्या बाजारात काय झालं ते. एकीनं लिहिलं 'कापूस विकला'. दुसरीनं भाव लिहिला. तिसरी सगळ्यात कमी शिकलेली, चौथी पास, तिनं ओलावा जास्त आहे म्हणून गाडी कशी बाजूले लावली, नवरा कसा गप्प उभा राहिला अन् तीच कशी काट्यावाल्याशी भांडली, हे पानभर लिहिलं, एकही टिंब नाही, एकही स्वल्पविराम नाही, आणि मागचं पान वापरू का म्हणून विचारलं.

जुलैच्या ॲडमिशनले तिघींचे फॉर्म भरायचे आहेत. त्या पानभर लिहिणारीचंच अडून आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. नावबदलाचं गॅझेट करावं लागते का नुसतं ॲफिडेव्हिट चालते, ते सोमवारी तहसीलले जाऊन विचारतो म्हटलं, पाऊस नाही आला तर.